धुराचा रंग

आमच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत शिरलं की डाव्या हाताला एक स्टीलचं टेबल लागतं. त्या टेबलामागे मी अकरा वर्षं उभी होते. खुर्ची नव्हती असं नाही. पण बसलेल्या सिस्टरशी लोक भांडतात आणि उभ्या असलेल्या सिस्टरला विचारतात, हे पहिल्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं. मग खुर्ची पर्स ठेवायला वापरली.

कागदोपत्री माझं पद ‘ट्रायज नर्स’. हा शब्द नागपुरात फारसा कोणाच्या तोंडी बसला नाही. वॉर्डबॉय मला ‘ट्राय सिस्टर’ म्हणत आणि पेशंट ‘पट्टीवाली बाई’. दुसरं नाव जास्त बरोबर होतं. दारातून येणाऱ्या प्रत्येकाला मी दोन मिनिटांत बघायचं. श्वास, नाडी, बीपी, बोटाला चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन, आणि माणूस शुद्धीवर किती आहे ते. मग मनगटाला पट्टी बांधायची. लाल म्हणजे याला या क्षणी डॉक्टर पाहिजे. पिवळी म्हणजे थोडा थांबू शकतो, पण नजरेसमोर ठेवा. हिरवी म्हणजे बाहेर बाकावर बसा, वेळ लागेल.

सगळं भांडण त्या हिरव्या पट्टीवर. बँकेत, रेशनच्या दुकानात, देवळातसुद्धा आधी येणाऱ्याचा नंबर आधी लागतो. आमच्याकडे मात्र नंतर येऊन आधी आत जाणारा असतो, आणि का, ते समजावून सांगायला कोणाकडे वेळ नसतो. धरमपेठेतले एक गृहस्थ आंबा कापताना बोट कापून घेऊन आले होते. चाळीस मिनिटांत त्यांनी तीन मोठ्या माणसांना फोन लावले आणि तिघांशीही मला बोलायला लावलं. मी तिघांनाही नमस्कार केला आणि हिरवी पट्टी हिरवीच ठेवली. उलट एक म्हातारी आजी छातीवर हात ठेवून, “माझं काही नाही वं बाई, त्या लेकराले पहाय आधी,” म्हणत मागे मागे सरकत होती. तिला लाल बांधली. लेकराचा गुडघा फक्त सोलला होता.

माझ्या आधी या टेबलावर असलेल्या सिस्टरने मला एकच गोष्ट शिकवली होती. जो ओरडतो त्याचा श्वास चालू असतो, जो गप्प बसलाय त्याच्याकडे आधी जा. ही शिकवण मला शेकडो वेळा उपयोगी पडली. ज्या दिवशी ती अपुरी पडली, त्या दिवसाबद्दल मला सांगायचं आहे.

मे महिना होता. आमच्याकडे मेमध्ये दुपारी बारानंतर लू लागलेली माणसं येऊ लागतात. बांधकामावरच्या बाया, ट्रॅफिकचे शिपाई, डोक्याला दुपट्टा न बांधता मुद्दाम उन्हात निघालेले हट्टी म्हातारे. त्या दिवशी दोनला मी ड्युटीवर आले तेव्हा बाक भरलेले होते, कूलरसमोरची जमीनही भरली होती. अडीचच्या सुमारास दारात कंपनीची बस येऊन थांबली. हिंगण्याच्या एका कारखान्याची. आतून खोकण्याचा आवाज येत होता.

बसमधून सगळ्यात आधी उतरला तो पंचेचाळीस-शेहेचाळीसचा, उंच, सावळा माणूस. त्याच्या खांद्यावर दुसरा एक जण जवळजवळ लोंबकळत होता. “सिस्टर, याले आधी घ्या. हा टाकीपाशी पडला होता,” एवढं बोलून त्याने त्याला स्ट्रेचरवर ठेवलं आणि परत बसमध्ये चढला. हे प्रभाकर भोयर, त्या पाळीचे सुपरवायझर. नाव मला नंतर कळलं.

लोखंड धुवायच्या टाकीतून धूर निघाला होता. बसमध्ये नऊ कामगार आणि दहावे भोयर. स्ट्रेचरवरच्याला मी लाल पट्टी बांधून आत पाठवलं. चौघांना दम लागत होता, त्यांना पिवळी. उरलेल्यांचे डोळे चुरचुरत होते, घसा खवखवत होता, बाकी आकडे ठीक होते. त्यांना हिरवी. हे सगळं होईपर्यंत भोयर माझ्याबरोबर होते. ते एकेकाला हाताला धरून टेबलापाशी आणत होते, नाव सांगत होते, वय सांगत होते, कोणाला शुगर आहे तेही सांगत होते. माझ्या हाताखाली त्या वेळी दुसरं कोणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मला त्यांचा आधार वाटला.

शेवटी मी त्यांना विचारलं, तुमचं काय? ते म्हणाले, “मले काही नाही झालं.” तरी मी चिमटा लावला. शहाण्णव, म्हणजे ठीक. नाडी जरा जलद होती, पण इतकी धावपळ केलेल्या माणसाची असतेच. थोडे खोकत होते. मी विचारलं, धूर कसला होता?

भोयरांनी बाजूला बघितलं. बसच्या मागोमाग कारने आलेले कंपनीचे एक साहेब तिथे उभे होते, इस्त्रीचा शर्ट, हातात दोन मोबाइल. उत्तर त्यांनी दिलं. साधा धूर आहे सिस्टर, वेल्डिंगला होतो तसा, पंखे बंद पडले होते. भोयर काही बोलले नाहीत. मी ते बघणं बघितलं होतं. पण त्याच क्षणी दारातून लू लागलेली एक बाई बेशुद्धावस्थेत आत आली, तिचा नवरा मोठ्याने रडत होता. मी भोयरांच्या मनगटाला हिरवी पट्टी बांधली, कागदावर वेळ टाकली आणि तिच्याकडे वळले.

पुढचे तीन तास कसे गेले ते सांगता येणार नाही. त्या बाईच्या अंगावर बर्फाच्या पिशव्या ठेवल्या, तिच्यामागून आणखी दोघे तसेच आले. हिरव्या पट्टीवाल्यांना डॉक्टरांनी बघायला चार वाजून गेले. चौघांना वाफ दिली, डोळे धुतले, आणि कंपनीच्या बसने ते परत गेले. भोयर त्यांच्यात नव्हते, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

सहा वाजता जरा उसंत मिळाली म्हणून मी पिवळ्या पट्टीवाल्यांकडे गेले. त्यांच्यातला उईके नावाचा तरुण कामगार ऑक्सिजनचा मास्क लावून पडला होता. साहेब तेवढ्यापुरते फोनवर बोलायला बाहेर गेले होते. मी नुसतं विचारलं, आता बरं वाटतं का. उईकेने मास्क बाजूला केला, दाराकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, “सिस्टर, तो वेल्डिंगचा धूर नव्हता. लाल-भुरा होता. विटेच्या रंगाचा.”

मी तिथून थेट आमचे ड्युटी डॉक्टर मोहरील यांच्याकडे गेले. तरुण होते, पण डोकं शांत. मी ‘विटेच्या रंगाचा’ म्हटलं आणि त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाले, तो ॲसिडचा धूर. लागलीच फार काही करत नाही, माणूस चालतो, बोलतो, घरी जातो. चार-सहा तासांनी फुप्फुसात पाणी भरायला लागतं. या लोकांपैकी कोणालाही सोडायचं नाही.

आम्ही तर सोडून बसलो होतो.

मी परत उईकेकडे पळाले. विचारलं, आत सर्वांत जास्त वेळ कोण होतं? तो म्हणाला, “भोयर भाऊ. तीनदा गेले आत. आम्हाले त्यांनीच काढलं बाहेर.”

बाहेरच्या बाकांवर मी त्यांना शोधलं. कूलरजवळ, संडासाकडे, चहाच्या टपरीवर. साहेबांना गाठलं तेव्हा ते म्हणाले, भोयर तर साडेतीनलाच निघून गेले, त्यांना थांबून कंटाळा आला होता, मीच म्हटलं घरी जाऊन आराम करा. म्हणजे डॉक्टरांनी त्यांना बघितलंच नव्हतं. हिरवी पट्टी म्हणजे सगळ्यांत शेवटी. ती मी बांधली होती.

मोहरीलांनी साहेबांना तिथेच उभं करून बाकीच्या चौघांना परत बोलवायला लावलं. आवाज न चढवता. पोलीस चौकी हॉस्पिटलच्या आवारातच आहे, एवढंच त्यांनी सांगितलं. मी भोयरांच्या कागदावरचा नंबर लावला. वाजत राहिला, उचलला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला. तो मोबाइल कारखान्यातल्या लॉकरमध्ये वाजत होता, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. उईके म्हणाला, माझ्या बायकोकडे वहिनींचा नंबर आहे. त्याने बायकोला फोन केला, तिला नंबर सापडेना. ती मिनिटं मला अजून आठवतात. मास्क लावलेला तो पोरगेला माणूस फोनवर बायकोला सांगत होता, “मंदा भोयर नाही तर सक्करदरा नावानं पहाय,” आणि मी त्याच्या उशाशी पेन उघडून उभी.

सक्करदरा नावानेच होता, भोयर राहत त्या भागाच्या.

पहिल्या रिंगलाच फोन उचलला गेला. मी हॉस्पिटलमधून रामटेके सिस्टर बोलते म्हटलं. भोयर कुठे आहेत?

मंदाताई म्हणाल्या, आल्या आल्या झोपले. थकलो म्हणाले. चहासुद्धा घेतला नाही. मघा फार खोकून राहिले होते, आता नाही खोकत.

‘आता नाही खोकत’ हे ऐकून बायकोला बरं वाटलं होतं. मला नाही. मी त्यांना उठवायला सांगितलं. फोनमधून मला ऐकू येत होतं, “अहो, उठा ना. अहो.” मग त्या परत आल्या. नुसते हं म्हणतात, डोळे उघडत नाहीत. ओठ कसे दिसतात म्हणून मी विचारलं. लाइट लावायला गेल्या. “जांभूळ खाल्ल्यावानी,” म्हणाल्या, आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज बदलला.

मोहरीलांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला हाक मारली. ऑक्सिजन घेऊन आमचे एक ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, गाडीत चढले. मी पत्ता मोठ्याने विचारत गेले आणि कोणीतरी तो लिहून घेत गेलं. तलावाच्या मागची गल्ली, पिठाच्या गिरणीसमोर. संध्याकाळचे साडेसहा. सगळं नागपूर ऑफिसं सोडून रस्त्यावर आलेलं.

आता मला एक गोष्ट हवी होती, आणि ती आठ किलोमीटरवर होती. त्यांचा श्वास. मी मंदाताईंना म्हटलं, त्यांना भिंतीला टेकवून बसतं करा, आडवं ठेवू नका. शेजारणीला हाक मारली त्यांनी. दोघींनी मिळून बसवलं. मग मी म्हटलं, आता मी ‘हं’ म्हणेन तिथून मोजायचं. छाती वर आली की एक. मोठ्याने मोजायचं. मी थांब म्हणेपर्यंत थांबायचं नाही.

मी घड्याळाकडे बघितलं. सेकंदकाटा बारावर आला. “हं.”

“एक. दोन. तीन.”

शाळेत पाढे म्हणतात तशा त्या मोजू लागल्या, सावकाश, शब्द पूर्ण उच्चारत. सातनंतर तसं जमेना. छाती पुढे जात होती आणि आकडे मागे राहत होते. त्या भराभर मोजू लागल्या. अकरा बारा तेरा चौदा. अर्धं मिनिट झालं तेव्हा त्या बावीसवर होत्या. धडधाकट माणूस एका मिनिटात सोळा-अठरा वेळा श्वास घेतो. मी थांब म्हटलं नाही. मोजत असेपर्यंत त्या रडणार नव्हत्या, हेही त्यात होतं. मिनिट संपलं तेव्हा चव्वेचाळीस झाले होते.

“सिस्टर, किती पाहिजेत?” त्यांनी विचारलं.

दार उघडं ठेवा, गाडी निघाली आहे, असं सांगितलं. शेजारणीला गल्लीच्या तोंडाशी उभं राहायला सांगा. भोयरांच्या तोंडात काही येतं का ते बघा. पदराने पुसून बघितलं त्यांनी. फेस येतो, म्हणाल्या, गुलाबी. ‘तुम्ही’ म्हणायचं भान माझं तिथे सुटलं. म्हटलं, “त्यांना टेकवूनच धर, माय. सोडू नको. मी फोनवर आहे.”

“तुम्ही ठेवू नका फोन.”

“नाही ठेवत.”

सतरा मिनिटं मी फोन कानाला धरून होते. टेबलावर दुसरी सिस्टर आली होती, तिच्यासमोर रांग वाढत होती. त्या सतरा मिनिटांत आम्ही आणखी तीनदा मोजलं. शेवटच्या वेळी आकडा कमी भरला, छत्तीस. मंदाताईंना वाटलं उतार पडला. थकलेली छातीही कमी चालते. मग फोनमधून सायरन ऐकू आला, आधी लांबून, मग इतका जवळून की मला फोन कानापासून दूर धरावा लागला.

भोयरांना आणलं तेव्हा वाटेतला सगळा ऑक्सिजन मिळूनसुद्धा बोटाचा आकडा एकाहत्तर होता. दुपारी खांद्यावर माणूस घेऊन उतरलेला तो माणूस स्ट्रेचरवर बसून होता, मान मागे पडलेली, डोळे अर्धे उघडे. मनगटावर माझी हिरवी पट्टी तशीच. मी कात्रीने ती कापली आणि लाल बांधली.

भोयर एकोणीस दिवस आयसीयूत होते. त्यांतले आठ दिवस श्वासाच्या मशीनवर. भोयरांच्या खांद्यावरून आलेला, सगळ्यात आधी लाल पट्टी मिळालेला कामगार पाचव्या दिवशी चालत घरी गेला. परत बोलावलेल्या चौघांपैकी एकाला रात्रभर ऑक्सिजन लागला, बाकी तिघांना काही झालं नाही. मी रोज ड्युटी संपली की आयसीयूबाहेर दहा मिनिटं मंदाताईंपाशी बसत असे. त्यांनी मला कधी विचारलं नाही की ते एवढे आजारी होते तर तुम्ही त्यांना घरी कसं जाऊ दिलं. मी कारणं तयार ठेवली होती. रोज ती कारणं घेऊन जायची आणि तशीच परत आणायची.

पोलिसांनी जबाब घेतले. माझ्या कागदावर दोन वेळा लिहिल्या होत्या, हिरवी दोन बावन्न, लाल सात वाजून पाच. आमच्यातल्याच एकाने सुचवलं होतं की पहिली ओळ जरा अस्पष्ट झाली तर कोणाचं काही बिघडणार नाही. मी ती तशीच ठेवली. यात मोठेपणा नव्हता. ती खोडली असती तर मला त्या टेबलामागे उभं राहता आलं नसतं, इतकंच.

भोयर घरी गेले. ऑगस्टमध्ये एका सकाळी फुप्फुसांच्या, नळीत फुंकायच्या तपासणीसाठी ते एकटेच आले आणि माझ्या टेबलाशेजारच्या बाकावर बसले. दहा-बारा किलो तरी कमी झाले होते. कारखान्याने आता गेटवर बसायचं काम दिलं आहे, म्हणाले. जिना चढताना मधे थांबावं लागतं.

गर्दी नव्हती. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. म्हटलं, तुम्हाला हिरवी पट्टी मी बांधली होती.

ते हसले. “माहीत आहे ना. माझ्याच तर हाताले बांधली.”

मी म्हटलं, मी तुम्हाला धूर कसला होता असं विचारलं होतं. तुम्ही बोलला नाहीत.

ते म्हणाले, “साहेब बाजूले उभे होते. पोट्टी बारावीले आहे माझी. त्यांच्यासमोर मी कसा बोलू?” थांबून त्यांनी श्वास घेतला. “तुम्ही त्यांले बाहेर पाठवलं असतं, तर सांगितलं असतं.”

रागाने नाही म्हणाले ते. एखादा माणूस रस्ता सांगतो तसं म्हणाले. पट्टीवरून मला आजवर खूप लोक बोलले, शिव्याही दिल्या. त्यातलं घरी नेण्यासारखं काही नव्हतं. हे मी नेलं. इतकी वर्षं मी कोण ओरडतो आणि कोण गप्प आहे तेवढं बघत होते. गप्प माणसाच्या बाजूला कोण उभं आहे, ते बघितलं नव्हतं.

मी त्यांना म्हटलं, माझं चुकलं. ते म्हणाले, “जाऊ द्या सिस्टर,” आणि मग, “मंदी तुम्हाले घरी बोलावून राहिली. या कधी.” तपासणीच्या खोलीतून त्यांच्या नावाचा पुकारा झाला. ते उठले. तीस-चाळीस पावलांचा कॉरिडॉर, मधे एकदा भिंतीला हात लावून थांबले, मग पुढे गेले.

मी टेबलाकडे वळले तेव्हा तिथे एक बाई उभी होती, पदर डोक्यावर, एक हात पोटाशी धरलेला. सोबत नवरा. काय होतं म्हणून मी तिला विचारलं. नवरा सांगू लागला, सकाळी बाथरूममध्ये पाय घसरला, तसं काही फार लागलेलं नाही.

मी त्याला बाहेर थांबायला सांगितलं.